मुरसलचा पहिला नंबर

हरात, २० ऑगस्ट २०२२

हुमैरा जान,

नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या हे ऐकून जीव भांड्यात पडला. छावणी झाली, हॉटेल झालं, आता निदान स्वतःची चूल आहे. घर लहान असलं तरी कुरकुर करू नकोस. मी दिराच्या घरी एका खोलीत राहते आणि त्याच खोलीत शाळाही भरवते.

हो, शाळा. आठ मुली येतात. कुराण शिकायला येतात असं शेजारी समजतात आणि ते अर्धं खरं आहे. बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते, नुसतं बसून राहणं मला जमत नाही.

शुक्रवारी फोनवर पाच मिनिटं बोलतो त्याला मी बोलणं म्हणत नाही. फोन दिराचा, खोलीत नऊ माणसं, प्रत्येक जण ‘आम्ही बरे, तुम्ही बरे’ म्हणतो आणि पुढच्याच्या हातात देतो. माझी लेक मुरसल पडद्यावर दिसते आणि मान हलवते. म्हणून हे कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. माझा जुना फोन पिठाच्या डब्यात असतो, उत्तर त्यावर पाठव.

आता कामाचं. तिकडे शाळा सुरू झाल्या असतील. विमानतळाच्या फाटकाशी मी मुरसलचा हात तुझ्या हातात दिला त्याला परवा एक वर्ष झालं. तुझा नवरा नजीब म्हणाला होता, माझ्या कागदांवर आणखी एकच माणूस खपेल. मी मागे राहिले ते एवढ्याचसाठी, की हिची शाळा सुटू नये. छावणीत एक वर्ष गेलं, त्याला इलाज नव्हता. आता एक दिवसही जाऊ देऊ नकोस. ती सोळा वर्षांची आहे, तिला दहावीत बसव. गणित चांगलं आहे, रसायनात आळशीपणा करते, तिथे लक्ष ठेव.

आणि तिला सांग, मावशीपाशी हट्ट करायचा नाही, उलट बोलायचं नाही. खालाचा शब्द तो माझा शब्द.

सगळं सविस्तर लिही. तिथली शाळा कशी असते, वर्ग कसे, परीक्षा कधी. तुझी पत्रं मी मुलींना शुद्धलेखनाला घालणार आहे. त्यांनाही कळू दे जगात काय चाललंय.

तुझी थोरली,
शफीका


सॅक्रामेंटो, ३० ऑक्टोबर २०२२

शफीका जान,

तुझ्या मुलींना सांग, पेन्सिली तासून बसा. अमेरिकेतल्या शाळेनं आमच्या नाकी नऊ आणले आहेत.

पहिली गंमत अशी की इथे मुलाला काय येतं हे कोणी विचारतच नाही. वय विचारतात. आमचा सोहराब आठ वर्षांचा, म्हणजे तिसरीत. अरे, पण त्याला वाचता येत नाही! नाही आलं तरी तिसरीत. नापास करत नाहीत आणि छडी तर नाहीच.

दुसरी गंमत. पहिल्या दिवशी एक फॉर्म दिला, घरात कोणती भाषा बोलता? आमच्या इमारतीतले कादिर साहेब दहा वर्षं इथे आहेत, सगळ्यांना फुकट सल्ला देतात. म्हणाले, ‘इंग्रजी लिहा, नाहीतर पोराला मंद मुलांत बसवतील.’ नजीबनं ठोकून दिलं, इंग्रजी. तीन आठवडे सोहराब भिंतीसारखा बसून होता. बाईंना वाटलं मुलाला ऐकू येत नाही, त्यांनी कान तपासायला पाठवलं! मग सगळं उघडं पडलं. आता त्याला रोज एक तास वेगळी बाई इंग्रजी शिकवते, आणि मंद वगैरे कोणी म्हणत नाही. कादिर साहेब हल्ली जिना उतरताना आमच्याकडे बघत नाहीत.

तिसरं. मूल शाळेत गेलं नाही तर घरी फोन येतो आणि चक्क आपल्या दरी भाषेत बोलतो. माणूस नाही, यंत्र. मी त्याला दोनदा सलाम केला, चहाला ये म्हटलं.

परवा पालकांना भेटायला बोलावलं होतं. नजीब कोट घालून गेला. बाईंना म्हणाला, गोश्त तुमचं, हाडं आमची, हवं तेवढं मारा. दुभाषीण नजीबकडे वळली. मग हळूच म्हणाली, ‘भाऊ, हे मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तुमच्या दारात सरकारी माणूस येईल.’ नंतर नजीबनं विचारलं, वर्गात पहिला नंबर कोणाचा? बाई हसल्या. म्हणाल्या, इथे आम्ही नंबर काढत नाही, आणि एकाच्या मुलाचं दुसऱ्याला सांगत तर मुळीच नाही. मग कळणार कसं मूल पुढे गेलं ते? तर म्हणे जूनमध्ये वर्ष संपतं, तेव्हा सगळेच पुढे जातात.

मुरसल छान आहे. तिची शाळा मोठी, तिथे पालकांना फारसं बोलावत नाहीत. सकाळी सोहराबला त्याच्या शाळेत सोडते, मग पिवळ्या बसनं जाते. अभ्यास फार असतो, म्हणून जास्त लिहीत नाही. तिच्या चार ओळी सोबत आहेत.

माझे दिवस भरत आलेत. पाय इतके सुजलेत की नजीबच्या चपला घालते.

तुझी,
हुमैरा


हरात, १० डिसेंबर २०२२

हुमैरा जान,

मुलगा झाला, मुबारक! डोळे आपल्या बाबांसारखे आहेत म्हणतेस, म्हणजे हट्टी निघणार. शेंगदाणे-गूळ मिळत नसेल तर नुसतं तुपातलं पीठ खा, पण दूध सुकू देऊ नकोस.

तुझं पत्र मुलींनी तीन दिवस लिहून घेतलं. यंत्राला चहाला बोलावलंस त्यावर इतक्या हसल्या की दीर दारात येऊन उभा राहिला.

इथे थंडी पडली. दरवर्षी या दिवसांत माझ्या शाळेच्या अंगणात वार्षिक निकाल लागायचा. पहिला नंबर, दुसरा, तिसरा, नावं मी स्वतः पुकारायचे आणि मुलगी हार घालून पुढे यायची. या वर्षी खोलीतल्या खोलीत आठ जणींची परीक्षा घेतली. मुरसलचा निकाल काय? टक्के कळव. आणि तिच्या रसायनाच्या वहीच्या दोन पानांचा फोटो पाठव, माझ्या मुलींना दाखवायचा आहे.

तिची चिठ्ठी मला आवडली नाही. ‘मी बरी आहे, खाला बरी आहे, हवा बरी आहे.’ ही माझी मुलगी की हवामान खातं?

शफीका


सॅक्रामेंटो, २६ डिसेंबर २०२२

शफीका जान,

मिठाई आण! मुरसलचा पहिला नंबर आला. दहावी पास, आता अकरावीत. शंभरात अठ्ठ्याण्णव. मोठ्या हेडमास्तरांनी स्वतः नाव पुकारलं, गळ्यात फुलांचा हार घातला, सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. नजीब तर रडलाच.

वहीचे फोटो नंतर. वह्या शाळेतच ठेवतात. बाळ रात्रंदिवस दंगा करतं, हात मोकळा नाही, म्हणून एवढंच.

हुमैरा


हरात, ८ जानेवारी २०२३

माझ्या लाडक्या बहिणी,

तुझे पाय धुऊन पाणी प्यावं असं वाटतंय. ज्या आठवड्यात इथे मुलींसाठी विद्यापीठंही बंद झाली, त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. मोठ्या दोन मुली भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पुस्तकं उघडायला तयार नव्हत्या. मी फोन काढला आणि वाचून दाखवलं. नस्तरन, जी कधी हसत नाही, ती उठून टाळ्या वाजवायला लागली.

मी बाजारातून दोन किलो नुकल आणले, पांढरे, बदामाचे. मुलींना ओंजळ ओंजळ दिले. दिराला, जावेला, समोरच्या घरात, गल्लीच्या नाक्यावर नान भाजणाऱ्या नानवाईलाही. सगळ्यांना सांगितलं, माझी मुलगी अमेरिकेत पहिली आली. लोक म्हणाले, आईवर गेली. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं.

माझ्या मुरसलचं कपाळ माझ्या वतीनं चुंब.

शफीका


हरात, ६ मार्च २०२३

हुमैरा,

काल नस्तरननं हात वर केला. म्हणाली, ‘उस्ताद, एक शंका आहे.’ तिच्या वहीत तुझी दोन्ही पत्रं होती. एकाखाली एक, सुंदर अक्षरात, मीच घातलेलं शुद्धलेखन. तिनं बोट ठेवलं. ऑक्टोबरच्या पत्रात वर्ष जूनमध्ये संपतं. डिसेंबरच्या पत्रात मुरसल डिसेंबरमध्ये पास होते. ‘एकाच गावात वर्ग दोनदा बदलतात का?’

मी म्हटलं, मोठ्या मुलांचं वेगळं असेल. तिनं पान उलटलं. ‘आणि इथे लिहिलंय की नंबर काढत नाहीत, दुसऱ्याला सांगतही नाहीत. मग सगळ्या शाळेपुढे हार कसा घातला?’

आठही मुली माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, आजचा तास संपला.

हुमैरा, बावीस वर्षांत मी हजारो पेपर तपासले. नक्कल करणारी मुलगी नेहमी एकाच ठिकाणी सापडते. ती बाईंना आवडेल तेच उत्तर लिहिते. तू जो निकाल लिहिलास तो अमेरिकेतला नाही. तो माझ्या शाळेच्या अंगणातला आहे. थंडीतला निकाल, पुकारलेलं नाव, फुलांचा हार. मी विचारलं आणि तू माझंच मला परत दिलंस.

रात्रभर तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. सोहराबच्या शाळेतल्या बाई कशा हसतात तेही तू लिहितेस. मुरसलच्या शाळेचं नावही नाही. एका बाईंचं नाव नाही, एका मैत्रिणीचं नाव नाही. तिची शाळा म्हणजे नुसती एक पिवळी बस.

तीन प्रश्न विचारते. तिन्ही सक्तीचे आहेत. मुरसलच्या शाळेचं नाव काय? तिच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? आणि आत्ता, तू हे वाचतेस तेव्हा, तिच्या हातात काय आहे?

शफीका


सॅक्रामेंटो, १९ मार्च २०२३

शफीका,

तिच्या हातात बाळ आहे. झालं समाधान?

शाळेचं नाव नाही, बाईंचं नाव नाही, कारण शाळाच नाही. आता सगळं ऐक आणि मग मला काय शिक्षा करायची ती कर, मुख्याध्यापिका बाई.

छावणीत पोचलो त्या दिवशी एक माणूस टेबलाशी बसून वय लिहीत होता. आमच्यापुढे एक बारा वर्षांची मुलगी तिच्या काकाबरोबर होती. आईबाप बरोबर नाहीत म्हटल्यावर तिला वेगळ्या रांगेत नेलं. ती काकाच्या सदऱ्याला धरून ओरडत होती. अजून माझ्या कानात आहे. मुलांना कुठे नेतात, किती दिवस ठेवतात, कोणालाच माहीत नव्हतं. आमची पाचावर धारण बसली. मुरसलच्या तजकिऱ्यावर, ओळखपत्रावर, जन्माची तारीख नाहीच, ‘या साली पाच वर्षांची’ एवढंच, आणि तेही आपल्या अफगाणी सालात. नजीब म्हणाला, अठरा. टेबलाशी बसलेल्या माणसानं लिहिलं अठरा, एक जानेवारी. इथल्या निम्म्या अफगाणांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो. तू फाटकाशी म्हणाली होतीस, हिचा हात सोडू नकोस. मी सोडला नाही!

मग मागच्या ऑगस्टमध्ये मी खरंच तिला शाळेत घेऊन गेले. ती बॅग भरून आली होती. ऑफिसातल्या बाईनं कागद बघितला. एकोणीस वर्षांची, इथे घेता येत नाही, मोठ्यांच्या शाळेत जा. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, संध्याकाळची, दोन बस बदलून. नजीब म्हणाला, अंधारात जवान मुलीला पाठवणार नाही. मग बाळ आलं. मी हॉटेलात खोल्या साफ करते, दिवसाला चौदा पलंग. बाळाला कोण बघणार? म्हटलं, बाळ चालायला लागेपर्यंत. नंतर बघू.

तुला काय सांगणार होते? तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकत होतीस. दहावीत बसव, रसायन बघ, टक्के कळव! तुला आनंद हवा होता, मी दिला.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तिच्या खऱ्या वयाचा कुठलाही कागद इथे पाठवू नकोस. आमची इथे राहायच्या परवानगीची केस अजून चालू आहे. नजीब खोटं बोलला हे कळलं तर आम्हा सगळ्यांना उचलून परत टाकतील. सोहराबला, बाळालाही. मग खुशाल बस तुझी शाळा घेऊन.

हुमैरा


सॅक्रामेंटो, २६ मार्च २०२३

मादर जान,

खालानं तुझं पत्र वाचून फोन ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेली. एरवी ती फोन उशीखाली ठेवते. मी वाचावं असंच तिला वाटलं असेल. मी तिचंही उत्तर वाचलं. त्यात एक गोष्ट तिनं लिहिलेली नाही, ती मी लिहिते.

शाळेत घेतलं नाही त्या दिवशी मी रडले, म्हटलं मोठ्यांच्या शाळेत जाते, दोन काय चार बस बदलीन. तेव्हा खालानं तुझं पत्र काढून दाखवलं. सगळं नाही. अंगठा खाली धरून एक ओळ. ‘खालाचा शब्द तो माझा शब्द.’ म्हणाली, ‘तुझ्या आईला मी सगळं कळवलंय. तीच म्हणते, बाळ मोठं होईपर्यंत घरी मदत कर.’ अक्षर तुझं होतं. मी बॅगेतल्या वह्या काढून कपाटाच्या वर ठेवल्या.

पण मनातून पूर्ण पटलं नव्हतं. डिसेंबरात तू निकाल विचारलास तेव्हा खालाला घाम फुटला. बाळ कडेवर घेऊन माझ्यापुढे आली, ‘तूच सांग बाई, काय लिहू?’ मी म्हटलं, लिही, पहिला नंबर. दहावी पास. हारही मीच सांगितला, टाळ्याही. खालानं घाईघाईत तसंच उतरवलं.

मला माहीत होतं, मादर जान. मी रोज बाळाची गाडी ढकलत सोहराबला फाटकापर्यंत सोडते. इथे निकाल जूनमध्ये असतो, नंबर नसतो. रस्ता ओलांडून देणारी म्हातारी मला रोज विचारते, ‘तू कुठल्या शाळेत जातेस, पोरी?’ मी हसते.

माझी आई दारात उभी राहून तिसऱ्या बाकावरच्या मुलीची तळहातावरची नक्कल पकडते. मला वाटलं, हे ती त्याच संध्याकाळी पकडील. तिला खरंच माहीत नसेल, तर ओरडून विचारील, हे काय खोटं लिहिलंय? मी वाट बघितली. दोन आठवड्यांनी तुझं पत्र आलं, तू नुकल वाटलेस. नानवाईलासुद्धा. तेव्हा माझी खात्री झाली. आईला सगळं माहीत आहे, आणि लोकांपुढे नाक राहावं म्हणून ती सोंग करते आहे. खाला ते पत्र मोठ्यानं वाचून रडत होती. मी बाळाच्या बाटल्या धूत होते. धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या.

माझ्या निकालापासून तुझ्या प्रश्नांपर्यंत सत्तर दिवस झाले. मी मोजले. आणि शेवटी पकडलं ते नस्तरननं.

तुला माहीत नव्हतं, हे आता कळलं. मी विश्वास ठेवते. पण ते सत्तर दिवस मी तुझा राग केला, तो राग आता कुठे नेऊन ठेवू ते कळत नाही.

मुरसल


हरात, १२ एप्रिल २०२३

मुरसल, माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा,

हे पत्र खालाच्या समोर, मोठ्यानं वाच.

आधी माझा गुन्हा. ते खोटं मला दिसलं नाही, कारण ते गोड होतं आणि माझ्या मुलीचं होतं. दुसरीच्या मुलीचं असतं तर पहिल्या ओळीत पकडलं असतं. ज्या गल्लीत मी नुकल वाटले, तिथून रोज जाते आणि लोक मला मुबारक म्हणतात. मला मान खाली घालावी लागते. तू उत्तरपत्रिकेत तुझी हाक लिहून पाठवलीस आणि मी तिच्यावर लाल शाईनं शाबास लिहिलं. हे मला माफ करू नकोस, मी मागतही नाही.

आता हुमैरा, तुला. छावणीत तुम्ही खोटं बोललात, त्याबद्दल मी तुम्हाला दुवा देते. तिथे मी असते तर मीही अठराच सांगितलं असतं. पण ते खोटं तिचा हात धरायला होतं. त्याच खोट्यानं तू तिचे हात बांधलेस. आणि वर माझ्या एका ओळीवर अंगठा ठेवून माझ्या मुलीला सांगितलंस, की तुझ्या आईनंच तुला विकलं. शत्रू समोरून वार करतो. तू केसानं गळा कापलास. तुला मी माझ्या हातानं अक्षरं शिकवली होती.

‘खालाचा शब्द तो माझा शब्द.’ ही ओळ मी परत घेते. मुरसल, आजपासून तुझा शब्द तो माझा शब्द.

शाळा बंद झाली त्या दिवशी मी जनरल रजिस्टर आणि शिक्का बुरख्याखाली लपवून घरी आणले होते. त्यावरून तुझा दाखला लिहिला आहे, नववीपर्यंतच्या गुणांसकट. जन्मतारीख २ मे २००६. फोटो सोबत आहे, मूळ कागद ओळखीच्या बाईंबरोबर निघाला आहे. सही मुख्याध्यापिकेची आहे.

हा कागद पुढे ठेवलास तर नजीबचं खोटं उघडं पडेल. म्हणून आधी नजीबनं त्याच्या केसच्या वकिलाकडे जावं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं, भीतीपोटी वय वाढवलं. कागदानं सांगण्याआधी माणसानं सांगितलेलं बरं. सोहराबची शाळा ऑगस्टमध्ये उघडेल. तेवढा वेळ मी माझ्या बहिणीला देते. त्यानंतर कागद तुझा. ठेव किंवा फाड. मी हुकूम करणार नाही. माझ्या हुकमांनी काय झालं ते पाहिलं.

तुझी आई


सॅक्रामेंटो, १८ ऑगस्ट २०२३

मादर जान,

नजीब काका तीन महिने वकिलाकडे गेले नाहीत. जुलैत एकदा रात्रीच्या जेवणाला बसले आणि उठून मला म्हणाले, ‘तो कागद आण.’ दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. वकिलानं सगळं लिहून घेतलं. केस मागे पडली, कधी लागेल सांगता येत नाही. खाला म्हणते, उद्या सोहराबला उचलून परत पाठवलं तर त्याचं पाप कोणाच्या माथी, ते आईला विचार. म्हणून विचारते.

खालानं बाळाला कादिर साहेबांच्या बायकोकडे ठेवलं आहे. सकाळी निघताना बाळ माझ्या ओढणीला धरतं. सोडवायला कोणी उठत नाही, मी एकेक बोट सोडवते.

सोमवारी मी एकटी गेले. शाळेतल्या बाईनं दाखला उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं. विचारलं, ‘या सहीच्या बाई कोण?’ मी म्हटलं, ‘माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका.’ ती थांबली, मला वाटलं अजून काही विचारील. मी अजून काही सांगितलं नाही.

तू दाखल्यावर लिहिलेल्या गुणांमुळे नववीऐवजी दहावीत घेतलं. मागच्या हिवाळ्यात मी जिच्यात पहिली आले होते, तीच दहावी. वर्गात सगळी पंधरा वर्षांची आहेत. रसायनाच्या बाईंचं नाव मिसेस डेल्गाडो, हे तू विचारलं होतंस.

मग तो फॉर्म आला, सोहराबच्या वेळी काकांनी ज्याच्यावर इंग्रजी लिहिलं होतं तो. घरात तुझ्याशी कोणती भाषा बोलतात? मी दरी लिहिलं. खरं तर एप्रिलपासून या घरात मोठं माणूस माझ्याशी कामाशिवाय बोलत नाही. जेवण झाकून ठेवलेलं असतं. बाळ तेवढं बोलतं, आणि त्याला अजून भाषा आलेली नाही. पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

नस्तरनला माझा सलाम सांग, आणि सांग की तिची शंका बरोबर होती.

निकाल जूनमध्ये आहे. मी तुला कळवीन. काहीही लागला तरी मिठाई वाटू नकोस.

मुरसल